तत्त्वज्ञानातला ईश्वर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईश्वर आहे की नाही, तेवढे आधी सांगा. बाकीची चर्चा नंतर करता येईल ना?

नाही. हा क्रम उलटा आहे आणि या विषयातले बहुतेक वाद त्यामुळेच भरकटतात. ‘आहे का?’ असे विचारण्याआधी ‘कोण?’ हे ठरवावे लागते. अ‍ॅरिस्टॉटलचा ईश्वर जग निर्माण करत नाही आणि त्याला जगाची खबरही नसते. न्यायदर्शनाचा ईश्वर जगाची रचना करतो, पण परमाणू आणि आत्मे त्याने घडवलेले नाहीत. ते त्याच्याइतकेच अनादी आहेत. योगसूत्रांत ईश्वर हा क्लेश आणि कर्म यांचा कधीच स्पर्श न झालेला एक विशेष पुरुष आहे. स्पिनोझाचा ईश्वर निसर्गापासून वेगळा काढताच येत नाही. यांपैकी एकाचे अस्तित्व सिद्ध झाले म्हणून दुसऱ्याचे होत नाही, आणि एकाचे खंडन झाले तरी दुसऱ्याला ओरखडाही उठत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात आम्ही एकच गोष्ट तपासली आहे : युक्तिवाद जिथे थांबतो तिथे नेमका कोणता ईश्वर हाती लागतो?

दोन संकल्पनांमधला फरक चटकन कसा ओळखावा?

चार गोष्टी विचारा. ईश्वराचे जगाशी नाते कोणते : घडवणाऱ्याचे, घडणीच्या द्रव्याचे, की दोन्ही? आपल्या परिभाषेत निमित्तकारण, उपादानकारण की अभिन्न-निमित्तोपादान? दुसरे, त्याला ज्ञान, इच्छा, संकल्प आहेत का? म्हणजे त्याला ‘तू’ म्हणता येईल का? तिसरे, तो काळाच्या आत आहे की काळाबाहेर? चौथे, त्याच्यापासून स्वतंत्र असे काही आहे का? परमाणू, कर्म, तर्काचे नियम, नीतीची तत्त्वे?

चौथा प्रश्न सर्वात जास्त उलगडा करतो. एखाद्या दर्शनाने ईश्वराबाहेर काय शिल्लक ठेवले आहे हे कळले, की त्याला पुढे कोणत्या अडचणी येणार आणि ते त्यांना काय उत्तर देणार याचा अंदाज बांधता येतो.

अ‍ॅरिस्टॉटलचा ‘अचल चालक’ म्हणजेच सृष्टिकर्ता का?

नाही. ‘मेटाफिजिक्स’च्या बाराव्या भागात अ‍ॅरिस्टॉटल गतीचे स्पष्टीकरण शोधतो आहे, निर्मितीचे नाही. त्याच्या मते विश्व अनादी आहे. त्यातली गती अखंड चालू राहायची तर स्वतः न हलता हलवणारे काहीतरी हवे. ते ढकलून हलवत नाही, हवेहवेसे वाटणारी वस्तू जशी आपल्याला खेचते तसे ते खेचते. त्याची एकमेव क्रिया म्हणजे चिंतन, आणि सर्वश्रेष्ठाने सर्वश्रेष्ठाचेच चिंतन करायचे असल्याने तो स्वतःचेच चिंतन करतो. खगोलांच्या गतींचा हिशेब करताना अ‍ॅरिस्टॉटल अशा चालकांची संख्या ५५ किंवा ४७ पर्यंत नेतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा चालक निर्माता ठरला तो पुढच्या काळात. इब्न सिना (९८०–१०३७) याने प्रश्नच बदलला. आपल्याला दिसणारी प्रत्येक गोष्ट असूही शकते, नसूही शकते. तिच्या स्वरूपात तिचे अस्तित्व अंतर्भूत नाही. अशा सगळ्या गोष्टींची बेरीज केली तरी ती बेरीजही ‘असू किंवा नसू शकणारी’च राहते. म्हणून जिचे असणे स्वतःमुळेच आहे अशी एक अनिवार्य सत्ता मानावी लागते. इथे गतीऐवजी अस्तित्वच प्रश्नाचा विषय झाले आणि ईश्वर अस्तित्व देणारा ठरला.

न्यायदर्शन ईश्वराचे अनुमान नेमके कसे करते?

मांडणी दिसायला साधी आहे. प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान) : पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे. हेतू : कारण ती कार्ये आहेत. उदाहरण : घट. उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास ‘न्यायकुसुमांजली’त याच्यासोबत आणखी अनेक हेतू जोडले : परमाणूंचा पहिला संयोग घडवणारा कोण, विश्व कोसळत का नाही, वेदांचे प्रामाण्य कशावर उभे आहे. तरी सगळा भार ‘कार्यत्व’ या हेतूवरच आहे आणि हल्लेही त्यावरच झाले.

पहिला हल्ला हेतूवर. पृथ्वी हे कार्य आहे हे कशावरून? मीमांसक (वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचा अनुयायी) म्हणतो, जग आजच्यासारखे नव्हते असा काळच नव्हता. सुटी कार्ये निर्माण होतात आणि नष्ट होतात, पण संपूर्ण जगाला आरंभ नाही. नैयायिकाचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायाचे, उत्तर असे : जे सावयव (भागांचे बनलेले) ते जुळवलेले, आणि पृथ्वी सावयव आहे.

दुसरा हल्ला व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ या नियमावर. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता सशरीर आहे. मग ‘शरीराने उत्पन्न होणे’ ही अट लपून बसली आहे, म्हणजे उपाधी आहे. नैयायिक उत्तरतो की कर्तृत्वाला ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न एवढेच लागते, शरीर लागत नाही. आमच्या मते हे उत्तर चतुर आहे, पण पुरेसे नाही. शरीराविना इच्छा आणि प्रयत्न यांचे एकही निर्विवाद उदाहरण हाताशी नसताना व्याप्तीतला कोणता भाग सोडायचा आणि कोणता ठेवायचा हे आधीच ठरवून टाकल्यासारखे ते होते.

तिसरा हल्ला सर्वात खोल आहे आणि तो सातव्या शतकाच्या सुमाराचा बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याचा आहे. घट पाहून कुंभाराचे अनुमान होते, कारण त्या विशिष्ट प्रकारच्या रचनेमागे कर्ता असल्याचे आपण पाहिलेले असते. नुसत्या ‘रचना’ या शब्दावरून किंवा ‘मातीचा विकार’ एवढ्या साम्यावरून अनुमान करायचे तर वारूळही कुंभाराने केले म्हणावे लागेल. पर्वताची रचना आणि घटाची रचना यांना आपण एकच नाव देतो, पण त्यामुळे त्या एकाच जातीच्या ठरत नाहीत. डेव्हिड ह्यूमच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादांमध्ये, घरावरून विश्वाकडे उडी मारणाऱ्या युक्तिवादावर याच धाटणीचा आक्षेप आहे. कर्ता एकच कशावरून, अनेकांनी मिळून जग का घडवले नसेल, हाही प्रश्न ह्यूम विचारतो. त्याला नैयायिकाचे उत्तर आधीच तयार होते : एकाने भागत असेल तर अनेक मानू नयेत, तेच लाघव.

आता हाती काय लागले ते पाहा. अनुमान पूर्ण यशस्वी झाले असे धरले तरी परमाणूंपर्यंतचे ज्ञान असलेला एक रचनाकार मिळतो. तो दयाळू आहे हे ‘कार्यत्व’ या हेतूतून येत नाही, आणि शून्यातून जग निर्माण करणारा तर तो नाहीच.

वेद प्रमाण मानणारी दर्शने ईश्वर नाकारू कशी शकतात?

वेदप्रामाण्य आणि ईश्वरवाद हे वेगवेगळे प्रश्न आहेत. मीमांसकांसाठी वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कोणीच रचलेले नाही, ईश्वरानेही नाही. कर्ता मानला की कर्त्याच्या चुकीची शक्यता आली, म्हणून वेदांची अढळता राखण्यासाठीच त्यांना ईश्वर नको आहे. कुमारिल भट्ट ‘श्लोकवार्तिका’त विचारतात : सृष्टीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, मग दया कोणाची आली? आणि दयेनेच केली असेल तर सृष्टी फक्त सुखाची का नाही? सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथावरच्या टीकेत वाचस्पती मिश्र याच धर्तीवर पेच टाकतात. बुद्धिमान कर्ता एक तर स्वार्थासाठी वागतो किंवा करुणेने. पूर्णाला स्वार्थ नाही; सृष्टीपूर्वी करुणेला विषय नाही.

जैन आणि बौद्ध मतांत देवलोकांतले देव आहेत, पण सृष्टिकर्ता नाही. जैन मतात सर्वज्ञता आणि पूर्णता आहे; ती साधनेने मिळवलेली असते आणि एकाचीच मक्तेदारी नसते. त्यामुळे ‘पूर्ण पुरुष’ आणि ‘जगाचा कर्ता’ या दोन कल्पना एकत्रच असाव्या लागतात, असे मानण्याचे कारण उरत नाही.

योगसूत्रांतला ईश्वर जग निर्माण करतो का?

सूत्रांमध्ये तसे म्हटलेले नाही. पहिल्या पादातल्या २३ ते २९ या सूत्रांत तो समाधीचे एक साधन, पूर्वसूरींचा गुरू आणि प्रणवाचा (ॐकाराचा) वाच्य, म्हणजे त्या शब्दाने सांगितला जाणारा, म्हणून येतो. निर्मितीची बाजू पुढच्या टीकाकारांच्या चर्चेत वाढली.

निर्गुण ब्रह्माला ईश्वर म्हणावे का?

शंकराचार्यांच्या अद्वैत मांडणीत दोन पातळ्या आहेत. मायेच्या उपाधीसह (इथे उपाधी म्हणजे मर्यादा घालणारे आवरण) पाहिले की तेच ब्रह्म सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, जगाचे निमित्त आणि उपादान दोन्ही कारण. हा ईश्वर, उपासनेचा विषय. उपाधी बाजूला सारली की निर्गुण ब्रह्म, जिथे कर्ता-कार्य हा भेदच लागू होत नाही. इथे दोन देव नाहीत, एकाच सत्तेकडे पाहण्याच्या दोन भूमिका आहेत. एक गफलत नेहमी होते : ‘शंकराचार्यांच्या मते ईश्वर खोटा’ असे सांगितले जाते. जोवर जग व्यवहारात खरे आहे तोवर ईश्वरही तितकाच खरा आहे. जग ठेवायचे आणि ईश्वर तेवढा मिथ्या ठरवायचा, अशी सोय या मतात नाही.

रामानुजाचार्यांना ही विभागणीच मान्य नाही. गुणरहित वस्तूचे ज्ञान कोणत्याच प्रमाणाने होत नाही, म्हणून निर्गुण याचा अर्थ ‘हीन गुणांनी रहित’ एवढाच. जीव आणि जड जग हे ईश्वराचे शरीर; ते खरे आहेत, पण त्याच्यावाचून त्यांना आधार नाही. ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, श्रुतीनेच कळतो, असेही त्यांचे ठाम म्हणणे आहे. अनुमानांतले दोष त्यांनी जितके बारकाईने दाखवले तितके पुष्कळ निरीश्वरवाद्यांनीही दाखवलेले नाहीत, आणि ते स्वतः परम ईश्वरनिष्ठ. युक्तिवादाचे खंडन म्हणजे नास्तिकता, असे समजणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. मध्वाचार्य आणखी पुढे जातात : ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच प्रकारचे भेद कायमचे आणि खरे आहेत.

अद्वैतात भक्ती कशी शक्य आहे, हा यातून निघणारा प्रश्न ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात घेतला आहे. एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि भोवतीचा परिवार घडवता येतो. मग भक्तीचा व्यवहार तसा का होऊ नये, असे ते विचारतात. भेद हा भक्तीचा पाया आहे हे गृहीतच त्यांनी काढून घेतले आहे. दोन्ही बाजूंना पटेल असे उत्तर ते नाही, पण प्रश्नाची जागा त्याने खरोखर हलते.

‘ईश्वराबद्दल काहीच सांगता येत नाही’ ही पळवाट आहे का?

ती शिस्तही असू शकते. मायमोनिडीझ (११३८–१२०४) म्हणतो की ईश्वराबद्दल फक्त नकारच बरोबर ठरतात. ‘तो ज्ञानी आहे’ याचा अर्थ ‘तो अज्ञानी नाही’ एवढाच घ्यावा, कारण माणसाचे ज्ञान आणि त्याचे ज्ञान यांना मोजणारे समान माप नाही. उपनिषदांतला ‘नेति नेति’ हाही नकाराचाच मार्ग.

अडचण अशी की सगळेच नाकारत गेल्यावर ‘वर्णनातीत ईश्वर आहे’ आणि ‘ईश्वर नाही’ यांत फरक काय राहिला? हा सवाल ह्यूमच्या संवादातले एक पात्र थेट विचारते. थॉमस अ‍ॅक्वायनस (१२२५–१२७४) मधला मार्ग काढतो : ‘चांगला’ हा शब्द ईश्वराला आणि माणसाला एकाच अर्थाने लागत नाही, पण अगदी वेगळ्या अर्थानेही लागत नाही, कारण आणि कार्य यांच्या संबंधामुळे अर्थात साधर्म्य टिकते. आमचे मत असे की नकारमार्ग एखाद्या युक्तिवादाच्या शेवटी आला तर प्रामाणिक असतो. अडचणीचा प्रश्न समोर येताच अचानक आला, तर तो खरोखर पळवाट आहे. पाच मिनिटांपूर्वी ईश्वराचे हेतू सविस्तर सांगणाऱ्याला हा मार्ग उपलब्ध राहत नाही.

आइनस्टाइन ईश्वर मानत होते, हे खरे का?

१९२९ साली एका धर्मगुरूने तारेने विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की आपण स्पिनोझाचा ईश्वर मानतो, माणसांच्या भवितव्यात आणि कृतींत लक्ष घालणारा नाही. स्पिनोझाला (१६३२–१६७७) त्याच्या ज्यू समाजाने १६५६ साली बहिष्कृत केले होते. त्याच्या मते द्रव्य एकच, अनंत, आणि त्यालाच ईश्वर किंवा निसर्ग म्हणायचे. या ईश्वराला हेतू नाहीत, तो निवड करत नाही, प्रार्थनेने बदलत नाही. त्रिकोणाच्या स्वरूपातून त्याचे गुणधर्म निघावेत तितक्या अनिवार्यतेने सगळे त्याच्या स्वरूपातून निघते. याला अद्वैत म्हणण्याची घाई करू नये. स्पिनोझाकडे जग मायिक नाही, आणि ब्रह्माला जसे शुद्ध चैतन्य म्हटले जाते तसे त्याच्या द्रव्याला म्हणता येत नाही. विस्तार हाही ईश्वराचाच एक गुण आहे.

सगळ्याला कारण असते, मग ईश्वराला कोणी निर्माण केले?

प्रश्न रास्त आहे, पण ज्यांच्यावर तो फेकला जातो त्यांपैकी कोणीही ‘सगळ्याला कारण असते’ असे म्हटलेले नाही. कारणमूलक युक्तिवादाचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे गृहीतक निराळे आहे.

अल-गझाली (१०५८–११११) आणि त्यांच्या परंपरेचे गृहीतक : ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे. जगाला आरंभ आहे, म्हणून कारण आहे. इथे सारी मेहनत ‘जगाला आरंभ आहे’ हे दाखवण्यात जाते. त्यासाठी भूतकाळ अनंत असू शकत नाही असे सिद्ध करावे लागते. अ‍ॅक्वायनसला ते सिद्ध करता येते असे वाटत नव्हते. जगाचा आरंभ बुद्धीने सिद्ध होत नाही, तो श्रद्धेचा विषय आहे, असे त्याचे स्पष्ट मत होते. त्याचा युक्तिवाद काळात मागे जात नाही, आत्ता या क्षणी ‘वर’ जातो : काठी दगड हलवते, काठीला हात हलवतो, या साखळीत पहिला दुवा नसेल तर मधल्यांना बळ येणार कुठून? तिसरा प्रकार लायब्निझचा : काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, याला पुरेसे कारण हवे.

तिसऱ्या प्रकारावरचा खरा हल्ला १९४८ साली बीबीसीवर झालेल्या चर्चेत बर्ट्रांड रसेल यांनी केला. समोर फादर कोपलस्टन होते. एकेका गोष्टीला कारण आहे म्हणून सर्वांच्या समुच्चयाला कारण हवे असे होत नाही. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला एक आई असते का? ‘विश्व आहे, बस’ एवढ्यावर थांबता येते, असे रसेल म्हणतात. इथे वाद एका नेमक्या ठिकाणी येऊन ठेपतो : स्पष्टीकरण मागणे कुठे थांबवायचे? दोन्ही बाजू कुठेतरी थांबतातच. लायब्निझवादी म्हणतो, जे स्वतःचे स्पष्टीकरण स्वतःच आहे तिथे थांबावे. रसेलवादी म्हणतो, असे काही असू शकते हेच मला समजत नाही.

आणि हे सगळे मान्य झाले तरी मिळते ते ‘पहिले कारण’ किंवा ‘अनिवार्य सत्ता’. तिथून ज्ञानी, दयाळू, एकमेव ईश्वरापर्यंत पोहोचायला वेगळे युक्तिवाद लागतात. अ‍ॅक्वायनसने ते पुढच्या प्रकरणांमधून सविस्तर दिले आहेत, पण वाचणारे ईश्वर आहे हे दाखवणारे त्याचे सुरुवातीचे पाच मार्ग वाचून पुस्तक मिटतात.

केवळ व्याख्येवरून ईश्वर सिद्ध होतो, असे कसे म्हणता येईल?

अ‍ॅन्सेल्मने १०७८ च्या सुमारास मांडलेला क्रम असा : ज्याहून मोठे काही कल्पिता येत नाही तो ईश्वर. ही कल्पना नाकारणाऱ्याच्याही बुद्धीत असते. केवळ बुद्धीत असण्यापेक्षा प्रत्यक्षातही असणे मोठे. तो केवळ बुद्धीतच असेल तर त्याहून मोठे कल्पिता येईल, म्हणजे व्याख्येशी विसंगती. म्हणून तो प्रत्यक्षातही आहे.

गौनिलो या भिक्षूने लगेच विचारले : मग सर्वोत्तम बेटही याच पद्धतीने सिद्ध होईल. कुठेतरी गडबड आहे एवढे हा आक्षेप दाखवतो, ती कुठे आहे हे दाखवत नाही. कांटने १७८१ साली जागा दाखवली : अस्तित्व हा गुण नाही. शंभर नाण्यांच्या कल्पनेत आणि शंभर खऱ्या नाण्यांत आशयाचा फरक नसतो.

विसाव्या शतकात युक्तिवाद नव्या रूपात परतला. प्लान्टिंगाने १९७४ साली अस्तित्वाऐवजी अनिवार्य अस्तित्वावर भर दिला : परमश्रेष्ठ सत्ता असेल तर ती प्रत्येक शक्य जगात (गोष्टी जशा असू शकल्या असत्या अशा प्रत्येक पर्यायात) असेल, अशी सत्ता शक्य आहे, म्हणून ती याही जगात आहे. तर्काची पायरी निर्दोष आहे. सगळा भार ‘शक्य आहे’ या दोन शब्दांवर आहे, आणि हीच चाल उलटीही खेळता येते : ‘अशी सत्ता नसणे शक्य आहे’ म्हणा, की ती कुठल्याच जगात नाही असे निघते. कुर्ट गोडेलने १९७० साली स्वयंसिद्धांवर आधारलेली मांडणी केली. तिची सुधारित आवृत्ती २०१३ साली संगणकाने तपासली, तेव्हा ‘ईश्वर सिद्ध झाला’ असे मथळे आले. संगणकाने तपासले ते एवढेच की स्वयंसिद्धांतून निष्कर्ष निघतो. स्वयंसिद्धे खरी आहेत का, हे संगणक सांगत नाही. शिवाय त्याच स्वयंसिद्धांतून ‘जे जे घडते ते ते अनिवार्यच’ असाही निष्कर्ष निघतो, आणि ही किंमत फार थोड्यांना परवडेल.

स्वतःला उचलता येणार नाही असा दगड ईश्वर निर्माण करू शकेल का?

सर्वशक्तिमान म्हणजे काय ते आधी ठरवा. अ‍ॅक्वायनसच्या अर्थाने जे जे अंतर्विरोधरहित आहे ते ते करण्याची शक्ती. ‘सर्वशक्तिमानाला न उचलता येणारा दगड’ हे वर्णनच विसंगत आहे, म्हणून ते न करणे हे सामर्थ्यातले उणेपण नाही. देकार्तच्या अर्थाने तर्काची आणि गणिताची सत्येही ईश्वराच्या इच्छेने ठरली आहेत; मग तो असा दगड निर्माणही करेल आणि उचलेलही. हा दुसरा अर्थ घेणाऱ्याशी ईश्वराविषयी पुढे काहीही तर्काने बोलता येत नाही, इतकेच.

ईश्वराला उद्याचे आधीच माहीत असेल, तर माझे स्वातंत्र्य कुठे राहिले?

ठरलेले उत्तर असते की जाणणे म्हणजे घडवणे नव्हे. ते खरे आहे, पण आक्षेपाला उत्तर नाही. आक्षेप असा आहे : मी उद्या काय करणार हे ईश्वराला काल माहीत होते, त्याचे ज्ञान चुकू शकत नाही, काल होऊन गेलेले आता बदलता येत नाही, मग उद्याची माझी कृती तरी कशी बदलेल? इथे कारणाचा मुद्दाच नाही, भूतकाळाच्या पक्केपणाचा आहे.

बोएथियसने सहाव्या शतकात ‘काल’ हा शब्दच काढून घेतला : ईश्वर काळात नाही, त्याला सारे एकाच वर्तमानात दिसते. मग काळाबाहेरचा ईश्वर काळातल्या माणसाच्या हाकेला उत्तर कसे देतो, हा नवा प्रश्न उभा राहतो. सोळाव्या शतकातला मोलिना म्हणतो, कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील हे ईश्वराला निर्मितीआधीच ठाऊक असते. पण अजून अस्तित्वातच नसलेल्या माणसाबद्दलचे असे विधान खरे ठरते कशामुळे, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. तिसरा पक्ष म्हणतो, स्वतंत्र निवडींचा भविष्यकाळ अजून ठरलेलाच नाही, म्हणून तो न जाणणे हे अज्ञान नव्हे. आम्हाला हा पक्ष तर्काने सर्वात स्वच्छ वाटतो. फक्त तो स्वीकारणाऱ्याला पारंपरिक सर्वज्ञता सोडावी लागते.

ईश्वर दयाळू आणि समर्थ असेल तर दुःख का?

हा एकच प्रश्न नाही, दोन आहेत, आणि ते मिसळले की चर्चा फुकट जाते.

पहिला तार्किक. जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली मांडले की सर्वशक्तिमान, पूर्ण कल्याणकारी ईश्वर आणि दुःख ही तिन्ही विधाने एकत्र खरी असूच शकत नाहीत. प्लान्टिंगाचे उत्तर : स्वतंत्र माणसांनी नेहमी चांगलेच वागावे अशी सक्ती करणे हा अंतर्विरोध आहे, त्यामुळे असे जग घडवणे ईश्वराच्या हातात नसणे शक्य आहे. विसंगतीचा आरोप मोडायला ‘शक्य आहे’ एवढे पुरते. ईश्वर दुःख का देतो याचे कारण हे उत्तर सांगत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

दुसरा प्रश्न संभाव्यतेचा. विल्यम रो यांनी १९७९ साली जंगलातल्या वणव्यात होरपळून, कित्येक दिवस तडफडून मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण घेतले. त्यात कोणाचे स्वातंत्र्य नाही, कोणाला धडा नाही, पाहणाराही कोणी नाही. अशा दुःखाला कारण असेल हे अशक्य नाही, पण संभाव्य वाटते का? उत्तरादाखल म्हणतात की ईश्वराची कारणे आपल्याला दिसतीलच असे नाही. पण मग आपल्याला न दिसणाऱ्या कारणाने कोणतेही क्रौर्य योग्य असू शकते असे ठरते, आणि संकटातल्या माणसाला मदत करावी की नाही हेही डळमळीत होते. हा वार गंभीर आहे आणि तो टाळता येतो असे आम्हाला वाटत नाही.

वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात (सूत्रे ३४ ते ३६) वेगळी वाट आहे. विषमता आणि निर्दयता यांचा दोष ईश्वराला लागत नाही, कारण तो जीवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्यांच्या भाष्यात पावसाचा दाखला आहे : पाऊस सर्वांना समान, तांदूळ उगवतो की सातू हे बीजावर ठरते. पहिले कर्म कुठून आले, तर संसार अनादी आहे. इथे सुरुवातीच्या चार प्रश्नांतल्या चौथ्याकडे वळा. कर्म ईश्वरापासून स्वतंत्र ठेवल्यामुळे तो दोषातून सुटतो, पण त्याच कारणाने त्याचे सामर्थ्य कर्माच्या चौकटीत येते. शिवाय पीडिताचे दुःख त्याच्याच खात्यावर टाकले जाते, आणि हा नैतिक आक्षेप तर्काच्या उत्तराने मिटत नाही.

व्हाइटहेडने १९२९ साली सामर्थ्याची कल्पनाच सोडली : ईश्वर हुकूम करत नाही, प्रत्येक घटनेला अधिक चांगल्या शक्यतेकडे आकर्षित करतो, आणि जगाचे दुःख त्यालाही लागते. त्याच्यापुढे दुःखाचा प्रश्न उभाच राहत नाही. शेवटी चांगले जिंकेल याची हमीही उरत नाही.

विज्ञानाने हा प्रश्न निकालात काढला नाही का?

काही ईश्वर निकालात निघाले, हे खरे. पर्जन्याचे किंवा प्राण्यांच्या अवयवांच्या रचनेचे थेट स्पष्टीकरण म्हणून मानलेल्या ईश्वराची जागा भौतिकी आणि उत्क्रांतीने घेतली. अनिवार्य सत्ता किंवा निर्गुण ब्रह्म या संकल्पना मुळातच निरीक्षणाच्या कक्षेत नव्हत्या, म्हणून त्या विज्ञानाने सिद्धही होत नाहीत आणि खोडल्याही जात नाहीत. विस्तारणाऱ्या विश्वाचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, तरी महास्फोटाला निर्मितीचा पुरावा ठरवणे त्यांना मान्य नव्हते.

पुरावा नसताना श्रद्धा ठेवणे बुद्धीला धरून आहे का?

पास्कलचे उत्तर पैजेचे आहे : ईश्वर असेल तर लाभ अनंत, नसेल तर तोटा मर्यादित. यातला दोष हिशेबातच आहे. एकाहून अधिक ईश्वर शक्य असतील, आणि एक दुसऱ्याच्या भक्ताला दंड देत असेल, तर अनंत लाभ सगळ्याच रकान्यांत येतो आणि तक्ता निर्णय देईनासा होतो. विल्यम जेम्सने १८९६ साली अट कडक केली : पर्याय खरोखर जिवंत, टाळता न येणारा आणि महत्त्वाचा असेल, आणि बुद्धीने निर्णय होऊच शकत नसेल, तेव्हाच श्रद्धेने निवड करण्याचा हक्क आहे. ही परवानगी मर्यादित आहे. पुरावा विरुद्ध असताना ती मिळत नाही.

एखादा युक्तिवाद स्वतः तपासायचा तर सुरुवात कशी करावी?

कागदावर विधाने क्रमांक देऊन लिहा आणि निष्कर्ष सर्वात शेवटी ठेवा. प्रत्येक विधानापुढे ते कशाने कळते ते लिहा : प्रत्यक्षाने, व्याख्येने, शब्दप्रमाणाने की आणखी एखाद्या युक्तिवादाने. मग ‘ईश्वर’ हा शब्द खोडून त्या युक्तिवादाने दिलेले वर्णनच तिथे भरा, ‘पहिले कारण’ किंवा ‘परमाणूंना जाणणारा कर्ता’. वाक्य अजून तितकेच पटते का पाहा. संकल्पनेची अदलाबदल बहुधा याच पायरीवर पकडली जाते. शेवटी तोच युक्तिवाद बेट, वारूळ किंवा उलटा निष्कर्ष घालून चालवा.

सरावासाठी अ‍ॅन्सेल्मच्या ‘प्रोस्लोगिऑन’ची दुसरे ते चौथे ही प्रकरणे उत्तम; ती काही पानांचीच आहेत. त्यानंतर ब्रह्मसूत्रांतला वरचा पाद भाष्यासह घ्यावा. ह्यूमचे संवाद मात्र तिसऱ्या क्रमांकाला ठेवा. त्यात कोणते पात्र लेखकाचे मत बोलते यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि युक्तिवाद सुटे करण्याची सवय नसेल तर वाचणारा पात्रांच्या रंगतदार बोलण्यात वाहून जातो.